वाऱ्याची बाजू

कोऱ्या कापडाची घडी उलगडली की घडीच्या रेषेवरून बारीक पांढरी पूड झडते. सुताला विणण्याआधी भाताच्या पेजेची खळ पाजलेली असते. ती सुकून धाग्याधाग्यांमध्ये बसते, आणि कापड वर्षभर एकाच घडीत राहिलं की तेवढ्या रेषेवर तुटते. वच्छलेने आपलं कापड झटकलं तेव्हा तशी पूड तिच्या निळ्या स्वेटरवर पडली. समोर चारुशीलाने तिचं कापड उघडलं. त्यातून काहीच पडलं नाही.

वच्छलेने नीट पाहिलं. काठ तोच होता, तांबडा, आत काळी बारीक रेघ असलेला. नानाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, हात थरथरायला लागल्यावर माग थांबवला, तेव्हा शेवटचा उतरवलेला तुकडा हा. तिने तो मधोमध फाडून अर्धा स्वतःला ठेवला होता आणि अर्धा मैत्रिणीला, अंजनाला, दिला होता. त्याला सात हिवाळे झाले होते.

"हे धुतलं?" तिने विचारलं.

"हो ना, ताई. केवढं कडक होतं! अंजनाताईंनी दिलं तेव्हा कागदासारखं वाजत होतं. रात्रभर भिजत घातलं, दोनदा साबण लावला. आता बघा, कसं मऊ झालंय."

चारुशीलाने ते छातीभोवती गुंडाळलं आणि वरून स्वेटर चढवला. रामदासपेठेतल्या त्या दवाखान्याच्या नर्सेसच्या खोलीत तिघी निघायच्या तयारीत होत्या. शनिवार, अर्धी ड्यूटी संपलेली. बाहेर भिंतीला तीन लेडीज सायकली टेकून उभ्या होत्या, कॅरिअरवर वाकळी दोरीने बांधलेल्या.

"अन् तू काय घालशील वं?" वच्छलेने अंजनाला विचारलं.

"पेपर हाय नं माह्यापाशी." अंजनाने दोन वर्तमानपत्रं उघडून ब्लाउजवरून छातीवर धरली, त्यावर स्वेटर ओढला आणि हसली. "पाय, कशी वाजून राहिली मी. पापडासारखी."

चारुशीला खळखळून हसली. वच्छला हसली नाही. थंडीत सायकल चालवताना अंगातली ऊब वारा नेतो. खळीचं कापड वारा अडवतं, कारण त्याची भोकं बुजलेली असतात. धुतलं की ती उघडतात आणि मग ते साधं फडकं उरतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. वच्छला त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती; रक्ताच्या काचपट्टीवर काय दिसतं ते डॉक्टरांना ती रोज दोन वाक्यांतच सांगत असे. चारुशीलाला तिने काही सांगितलं नाही. तिला वाटलं, हिला थंडी वाजू दे.

दरवर्षी हिवाळ्यात वच्छला आणि अंजना उमरेडला सायकलने जात. पहिल्यांदा गेल्या तेव्हा एसटीचा संप होता आणि वच्छलेच्या आत्याकडे लग्न होतं. अंजनाच्या नवऱ्याला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वाटेत दोघी इतक्या हसल्या होत्या की पुढच्या वर्षी लग्न नसतानाही निघाल्या. एक रात्र आत्याकडे, दुसऱ्या दिवशी परत. जुलैमध्ये दवाखान्यात चारुशीला आली. वर्ध्याची, सव्वीस वर्षांची, नवी स्टाफ नर्स. आणि यंदा अंजनानेच तिला म्हटलं, "चाल आमच्यासंग."

दिघोरी मागे पडल्यावर वारा लागला. थंडीच्या दिवसांत या रस्त्यावर तो डावीकडून येतो, उघड्या शेतांवरून, आणि पाचगावपर्यंत सोडत नाही. वच्छला नेहमी डावीकडे चालवायची. तिच्या आडोशाने अंजना उजवीकडे. हे कधी ठरवलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी तसं झालं आणि पुढे तसंच राहिलं. आताही ती डावीकडे सरकली. पण अंजना तिच्या शेजारी नव्हती. वच्छलेने मागे वळून पाहिलं. चारुशीला मागे पडली होती, आणि अंजना तिच्यासाठी थांबत थांबत येत होती.

"इकडं ये वं, माह्या उजवीकडं," अंजना तिला सांगत होती. "तिकडून वारा लागते. मी राहतो या बाजूले."

अंजनाच्या छातीवर फक्त वर्तमानपत्रं होती. ती डावीकडे आली आणि तिने चारुशीलाला आडोसा दिला. वच्छलेने मान वळवली आणि जोरात पायडल मारलं. तिच्या कोऱ्या कापडातून वारा येत नव्हता.

प्रश्न एका खोलीचा होता. अंजनाने हुडकेश्वरला प्लॉट घेतला होता आणि त्यावर दोन खोल्या बांधल्या होत्या. एक तिची, दुसरी वच्छला आणि नानाजींची. असं अंजनाच म्हणाली होती, दोन वर्षांपूर्वी, चांप्याच्या चहाच्या टपरीवर. "काय ठरवलं वं?" तिने विचारलं होतं, आणि वच्छला म्हणाली होती, "पाहू नं. नानाजीचं पाहा लागते." मागच्या वर्षीही त्याच टपरीवर तोच प्रश्न, तेच उत्तर. त्यावर दोघी आणखी एक कप चहा प्यायल्या होत्या. यंदा खोल्यांवर छत चढलं, दारं बसली. आणि दिवाळीनंतर वॉर्डातल्या आयाबाईने वच्छलेला सहज सांगितलं, अंजना सिस्टर नव्या सिस्टरला घर दाखवायला घेऊन गेल्या होत्या.

चांप्याला त्या टपरीवर थांबल्या. वच्छलेने ग्लास दोन्ही हातांत धरला आणि वाट पाहिली. अंजना चारुशीलाचे हात चोळत होती.

"बर्फ झाले वं तुये हात. मोजे नाई आणले काय?"

"एक हरवला, ताई."

"एक हरवला म्हने! अन् हे पेशंटच्या गोळ्या सांभाळते." अंजनाने आपल्या पायातले लोकरीचे मोजे काढून तिच्या हातांत चढवले. "घे. वास आला तं नाक बंद कर."

"आणि तुमचे पाय?"

"माये पाय लाकडाचे हायेत. वच्छलेले विचार."

दोघींनी वच्छलेकडे पाहिलं. ती म्हणाली, "चला, अंधार होते." तिचा चहा अर्धा राहिला होता. प्रश्न आला नव्हता.

उमरेडला पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. वच्छलेच्या आत्या, तुळजाबाई, साठीच्या, अजून स्वतः विणत. त्यांनी दारातच मोजलं.

"तीन झाल्या काय यंदा? हे कोणाची पोरगी?"

"आमच्या दवाखान्यातली हाय, आत्या," अंजना म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"अन् तू काहून अशी कापून राहिली? ये, ये. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बस."

समोरची खोली मागाची. जमिनीत कमरेइतका खोल खड्डा. विणणारा काठावर बसून पाय आत सोडतो आणि खालच्या पट्ट्या दाबतो. वरचा दिवस कितीही गार असला तरी तेवढ्या खोल माती आपली ऊब सोडत नाही. कोष्ट्यांच्या घरात हिवाळ्यात मागाच्या खोलीत एवढीच ऊब, कारण तिथं विस्तव येत नाही. मागावर ताणा चढलेला असेल तर बिडीसुद्धा उंबऱ्याबाहेर. खळ लावलेलं कोरडं सूत, ताणून धरलेलं. एक ठिणगी पुरते. हे कोणी शिकवत नाही. वच्छला चालायला लागली तेव्हापासून तिला ठाऊक होतं. अंजनाला नव्हतं. आत्या दरवर्षी शेगडी मागच्या अंगणात पेटवत, आणि ती तिथंच का, हे तिला कधी विचारावं लागलं नव्हतं.

अंजना खड्ड्यात पाय सोडून, खांबाला डोकं टेकून, डोळे मिटून बसली. तिच्यासमोर ताणा पसरला होता, हिरवा, लग्नाच्या लुगड्याचा. वच्छला उंबऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलू लागली. आत्या मागे चुलीपाशी भाकरी थापत होत्या.

"अंजनाताई फार कुडकुडतायत," मागून चारुशीलाचा आवाज आला. "आत्या, ही शेगडी घेऊ?"

आत्यांना भाकरीच्या थापांत ऐकू आलं नसावं. किंवा अंगणातच घेते आहे असं वाटलं असावं. चारुशीला शेगडी घेऊन आली. दोन्ही कड्यांना फडकं धरलेलं, निखारे लाल, चेहरा त्या उजेडात तापलेला. खाली बघत, जपून चालत होती. वच्छलेने तिला येताना पाहिलं. म्हणायला एकच शब्द होता. तिच्या मनात आलं, आत्या हिला बोलतील, अंजना ऐकेल. ठिणगी उडेलच असं तिला वाटलं नव्हतं. पण उडणार नाही असंही वाटलं नव्हतं.

तिने गुडघे आवरून घेतले आणि चारुशीलाला आत जायला वाट दिली.

शेगडी खाली टेकली तेव्हा एक कोळसा तडकला. आवाज लहानसा होता. मग ताण्यातून दुसरा आवाज आला, तुटणाऱ्या धाग्यांचा, एकामागून एक.

आत्या धावत आल्या. त्यांनी पिठाचे हात थेट सुतावर दाबले. जळका वास पसरला. हात उचलले तेव्हा ताण्यात चार बोटं रुंद फट पडली होती, आणि कडेला काळी टोकं लोंबत होती.

"इस्तो! मागापाशी इस्तो आणला! लगनाचं लुगडं हाय वं ते, आठ दिवसांत द्याचं हाय!"

"मला माहीत नव्हतं," चारुशीला म्हणाली. तिने शेगडी उचलून बाहेर नेली आणि अंगणात तशीच उभी राहिली. तिच्या मनगटावर चटका बसला होता. तो तिने झाकला.

"तिले काय माईत, आत्या," अंजना म्हणाली.

"तिले नाई माईत. पन हे?" आत्यांनी पिठाचं बोट वच्छलेकडे केलं. "हे तं मागाखाली रांगली. दारात बसली होती नं तू?"

"माह्यं लक्ष नव्हतं," वच्छला म्हणाली.

अंजनाने तिच्याकडे पाहिलं. ती परत खांबाला टेकली, आणि तिचे खांदे हलत होते, थंडीने.

जेवण झाल्यावर वच्छला मागावर बसली. तुटलेला धागा सांधायला दोन टोकं जवळ घेऊन, बोटाला राख लावून पीळ द्यावा लागतो. गाठ मारली तर ती धागे वेगळे ठेवणाऱ्या फणीत अडकते. मधे जळून कमी पडलेली लांबी नव्या सुताने भरायची. आत्यांना आता दिव्याखाली बारीक दिसत नसे. वच्छलेचे डोळे सूक्ष्मदर्शकावर तयार झालेले होते, आणि बोटं त्याआधी, याच कामावर. तिने एक टोक शोधलं, दुसरं शोधलं. पाय खड्ड्यात होते, उबेत.

"मी सूत धरू का?" चारुशीला दारात उभी होती. मनगटाला तिने तेल लावलं होतं.

"धर."

ती काठावर येऊन बसली आणि सुताचे तुकडे एकेक करून पुढे करू लागली. तिने ते आधीच सारख्या लांबीचे कापून आणले होते. वच्छलेला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून राग आला.

बऱ्याच वेळाने चारुशीला म्हणाली, "ताई, तुम्ही नुसतं 'थांब' म्हटलं असतं तरी मी थांबले असते."

वच्छलेच्या बोटांतला पीळ सुटला. तिने तो परत घेतला.

"हो," ती म्हणाली.

"कापडाचंही. मघाशी अंजनाताईंचे पेपर वाजले तेव्हा आत्या त्यांच्यावर रागावल्या. 'तुयं कोरं कुठं हाय?' म्हणाल्या. तेव्हा मला कळलं की ते धुवायचं नसतं." तिने पुढचा तुकडा दिला. "तुम्ही माझ्यावर चिडलाय ते मला दिसतं. खोलीवरूनच ना?"

"कोणती खोली?"

"असं नका हो करू, ताई." चारुशीला जराशी हसली, पण डोळे भरले होते. "मला हॉस्टेलची कॉट संक्रांतीला सोडायचीय. अंजनाताई म्हणाल्या, ये माझ्याकडे. मी म्हटलं, आधी वच्छलाताईंचं कळू द्या. त्या नाही म्हणाल्या तरच मी येईन. विचारा त्यांना."

"मग? काय म्हनली ते?"

"म्हणाल्या, वच्छला नाही म्हणणार नाही. हो पण म्हणणार नाही. म्हणाल्या, तिला विचारून विचारून माझीच जीभ दुखली."

वच्छला सांधत राहिली. मागच्या पाडव्याला नानाजी अंथरुणावर बसून म्हणाले होते, "मागाचं लाकूड कोनाले बी दे. मी हुडकेश्वरले बी झोपन अन् इथं बी झोपन. तू मायं नाव सांगू नको." हे तिने अंजनाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर दिलं की प्रश्न संपला असता. वर्षातून एकदा, गार हातांत गरम ग्लास धरून, कोणीतरी आपल्याला विचारतं: माझ्याशेजारी राहायला येतेस का? तिला तेवढंच हवं होतं. खोली रिकामी राहावी आणि आपलं नाव तिच्यावर असावं.

तिने स्वतःला त्या खोलीत ठेवून पाहिलं. दोन दारं शेजारी शेजारी. संध्याकाळी अंजनाकडे कोणीतरी आलेलं. भिंतीपलीकडून हसणं. आणि आपण अलीकडे कान देऊन बसलेलो, कोण हसलं, कशावर हसलं, आपल्याला का नाही बोलावलं. तिला ते अगदी स्वच्छ दिसलं. तिथं चारुशीला नसती तर दुसरं कोणी असतं. आज आवरून घेतलेले हे गुडघेही तिथं आले असते.

"जा, झोप," ती चारुशीलाला म्हणाली. "उरलेले मी करतो. अन् त्या हाताले उद्या मलम लाव. तेलानं फोड येते."

पडवीत आत्यांनी तणसाचा जाड थर अंथरून ठेवला होता. त्यावर एक वाकळ खाली, दोन वर. तिघींत मधलीला सगळ्यात ऊब, कडेच्यांची एकेक बाजू उघडी. काम संपवून वच्छला आली तेव्हा दोघी झोपल्या होत्या. मधली जागा रिकामी ठेवलेली होती. तिच्यासाठी.

ती उभी राहून बघत राहिली. मग अंजनाला हलकेच मध्ये सरकवून ती स्वतः अंगणाच्या बाजूला आडवी झाली, जिकडून वारा येत होता. स्वेटर वर करून छातीवरचं कोरं कापड सोडवलं आणि अंजनाच्या पाठीमागे वाकळीत खोचलं. अंजनाने झोपेत कूस बदलली, तशी आतली वर्तमानपत्रं वाजली.

सकाळी धुकं होतं. आत्यांनी दिवस उगवल्याबरोबर ताण्यावरून हात फिरवून पाहिला होता. "सांधनी चांगली केली," एवढं त्या म्हणाल्या, वच्छलेकडे न बघता, आणि मागावर बसल्या. आतून धोट्याची ये-जा ऐकू येत होती. चारुशीला विहिरीवर भांडी घासत होती, एका हाताने.

अंगणात अंजना आपल्या सायकलीत हवा भरत होती. वच्छलेने तिचं पुढचं चाक धरलं.

"ताप तं नाई नं आला तुले?"

"नाई." अंजनाने पंप दाबला. "रात्री मले मध्ये घातलं तू."

"हं."

"मी झोपली नव्हती." पंप पुन्हा दाबला. "संध्याकाळी बी झोपली नव्हती वं मी, खांबापाशी. तू पाय आवरून घेतले. पाह्यलं मी. मागापाशी इस्तो आणत नाई, हे मले माईत नव्हतं. नाई तं मीच वरडली असती."

वच्छलेने चाक सोडलं नाही. धुक्यात रस्ता दिसत नव्हता. बैलगाडीच्या घंटा तेवढ्या पुढे पुढे जात होत्या.

"माह्यं लक्ष होतं," ती म्हणाली.

"माईत हाय मले."

अंजनाने टायर अंगठ्याने दाबून पाहिला, आणखी दोनदा पंप मारला, नळी काढली. मग ती मागच्या चाकाशी गेली. काहीतरी विचारायचं असावं तसं तिचं तोंड उघडलं, आणि मिटलं. ती खाली बसली आणि नळी जोडू लागली.

तिने विचारलं नाही. परतीच्या वाटेवरही ती विचारणार नव्हती, हे वच्छलेला कळत होतं.

"अंजना," वच्छला म्हणाली.

पंप थांबला.

"हुडकेश्वरची खोली चारुशीलाले दे. नानाजीचं काही नाई, ते कधीचेच तयार हायेत. मीच येत नाई."